आईनं नावं ठेवावीत म्हणून

आमच्या आईची भाकरी खायची एक पद्धत आहे. ताटात भाकरी आली की आधी ती मधल्या बोटानं तिच्यावर दोन टिचक्या मारते. मग पापुद्रा उचलून आत बघते. मग खाते. भाकरी जमली असेल तर काही बोलत नाही. जमली नसेल तर असं बोलते की ऐकणाऱ्याला आठवडाभर पुरावं. पाहुण्यांच्या घरी मात्र ती टिचकी मारत नाही. तिथं वाढलेलं मुकाट्यानं खाते आणि हात धुता धुता म्हणते, "लई छान झालं हुतं."

माझ्या हातचं काहीही खाल्लं की आई म्हणते, "लई छान झालंय."

वाचणाऱ्याला वाटेल, मग बिघडलं कुठं? बिघडलं ते असं, की माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आई हे कधीच म्हणत नाही. अक्का गावातच दिलेली. तिचं घर आईच्या घरापासून शंभर पावलांवर. आईचं मनगट दुखायला लागल्यापासून रोज सकाळी अक्का येऊन तिच्या भाकऱ्या थापते आणि रोज बोलणी खाते. "आज पानी कमी पडलं." "उकड मुरू दिली न्हाईस." "थापताना ध्यान कुठं हुतं तुजं?" अक्का म्हणते, "मग उद्यापास्नं तूच कर." आणि दोघी हसतात. मी रविवारी गेले की दारात चप्पल काढतानाच ते हसणं ऐकू येतं. मी आत पाऊल टाकलं की थांबतं. आई उठून बसते. "आलीस व्हय? बस, दमली असशील."

त्या हसण्याचा मला हेवा वाटतो. सरळच लिहिते, कारण आडवळणानं लिहायला मला येत नाही.

आमचं गाव राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अलीकडं, भाताच्या खाचरांमध्ये. घरात पहिली पदवी माझी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आता भोरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचेची भांडी, रसायनं, मुलांची जर्नलं, सगळं माझ्या हातात असतं. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. अक्काची शाळा सातवीत सुटली, माझी सुटली नाही, कारण वडिलांनी ठरवलं होतं की दोघींतली एक तरी शिकवायची आणि धाकटीचं डोकं चालतंय.

एका खोलीत आमचं सगळं घर. एका कोपऱ्यात चूल, समोरच्या कोपऱ्यात खिडकीखाली पत्र्याची पेटी, तिच्यावर मी आणि माझं पुस्तक. मी चुलीकडं सरकले की आई म्हणायची, "हितं येऊ नगं. धुरानं डोळं खराब व्हतील. वाचायचंय तुला." मला तो मान वाटायचा. मानच होता तो. अक्का घामाघूम होऊन काठवटीत वाफाळती उकड मळायची, आई शेजारी बसून सांगायची, तळव्यानं दाब, कड मोड, आता पाण्याचा हात घे. मी पेटीवरून बघायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं, हे माझ्या वाट्याला आलं नाही. त्या दोघी हळू आवाजात काहीतरी बोलायच्या. मी मान वर केली की गप्प व्हायच्या. "वाच तू," आई म्हणायची.

मी वाचलं. परीक्षा पास होत गेले. पण मला भाकरी येत नाही. भोरला आमच्या घरी चपात्या करायला एक मावशी येतात, म्हणून कुणाला कळत नाही इतकंच.

दोन वर्षांपूर्वी मी फूड प्रोसेसर घेतला. दुकानदार खोबरं किसायची, काकडी चिरायची पाती दाखवत होता, पण माझं लक्ष खोक्यावरच्या चित्राकडं होतं. भांड्यात पिठाचा गुळगुळीत गोळा होता आणि शेजारी पाव. मला तिथंच सुचलं. भाकरीत अक्काला मी ह्या जन्मी गाठणार नाही. पण पाव? पाव आमच्या घराण्यात कुणीच केला नव्हता. आणि आईचे दात गेल्यापासून तिचा सकाळचा खुराक म्हणजे मार्गासनीच्या स्टँडवरून आणलेला पाव, चहात बुडवून. त्या पावालाही ती टिचकी मारते आणि म्हणते, "आज शिळा दिला मेल्यानं." म्हणजे स्टँडवरच्या पाववाल्यालासुद्धा आई नावं ठेवते आणि मला ठेवत नाही.

मी ठरवलं, पाव करायचे. आईनं माझ्या पावावर टिचकी मारावी आणि घरच्या माणसाला बोलतात तसं मला बोलावं, एवढंच मला पाहिजे होतं.

पहिल्या खेपेला मी जे केलं ते आमच्या खोऱ्यातल्या बाईशिवाय कुणी करणार नाही. मैदा, मीठ, साखर आणि यीस्ट भांड्यात घातलं, प्लॅस्टिकचं पातं बसवलं, झाकण फिरवून कट्ट केलं, आणि वरच्या नळीतून उकळतं पाणी ओतलं. मोबाईलवर पाककृतीत कोमट लिहिलेलं मी वाचलं होतं. पण लहानपणी पेटीवर बसून मी हजारदा बघितलेलं होतं की पीठ म्हटलं की आधी पाण्याला आधण येऊ द्यायचं. आमच्या तांदळाच्या भाकरीचं पीठ उकळत्या पाण्याशिवाय एकत्र येत नाही. हात आपोआप तिकडंच गेला. यीस्ट जिवंत असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून चुन्याची निवळी दुधाळ करायचा प्रयोग दरवर्षी मीच मांडते. कॉलेजात ते यीस्ट मी नीट सांभाळते. घरी ते शिजवून मारलं.

पीठ फुगलं नाही. मी म्हटलं, थंडी आहे. ओव्हनमध्ये घातलं तर वरून रंग फार सुरेख आला, म्हणून मी तो पाव न कापताच डब्यात घालून रविवारी गावी नेला.

आईनं तो विळीवर धरला. विळी अडली. अक्कानं मदतीला हात लावला तेव्हा कुठं तुकडा पडला. आईनं चहात बुडवला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "लई छान झालाय. भरीव हाय."

अक्का चुलीकडं तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते.

पुढच्या रविवारी मी गोठ्यात डोकावले तर म्हशीच्या घमेल्यात माझा पाव भिजत पडलेला. म्हणजे खाल्ला नाही, टाकला. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, खरंच तो म्हशीलाच योग्य होता. मला लागलं ते दुसरंच. हाच पाव अक्कानं केला असता तर आईनं तिला तोंडावर विचारलं असतं, "घराला पाया घालायचाय का?" आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला तो किस्सा सांगून झाला असता. माझ्या पावाची कुणी चेष्टासुद्धा केली नाही. गुपचूप म्हशीला घातला.

मग मी नीट सुरुवात केली. स्वयंपाकघरासाठी वेगळा थर्मामीटर आणला. पाणी चाळीस अंश. मैदा काट्यावर मोजून. यीस्ट आधी साखरपाण्यात घालून फेस येऊ दिला. मशीन फिरलं की दीड मिनिटात पिठाचा गोळा पात्याभोवती धावायला लागतो आणि भांड्याच्या कडा आपोआप पुसून निघतात, ते बघताना मला फार बरं वाटायचं. पुस्तिकेत लिहिलं होतं, गोळा झाला की थांबा. मी थांबत नसे. चार मिनिटं फिरवायचे. काठवटीत आई आणि अक्का किती वेळ मळत बसायच्या हे मी बघितलेलं होतं. जितकं जास्त मळावं तितकं चांगलं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. आणि इथं मळणारं मनगट माझं नव्हतंच, मग कंजुषी कशाला?

आता पाव फुगायला लागले. भराभर फुगायचे, पाऊण तासात भांड्याबाहेर. पण भाजल्यावर भुसभुशीत व्हायचे, चहात घातला की तळाशी गाळ. आणि एक आंबूस वास. दर रविवारी मी वेगळं काहीतरी बदलायचे, साखर कमी, दूध जास्त, ओव्हन मंद. भोरहून कापूरव्होळ, हायवे, नसरापूर, मार्गासनी असा गाडीवर डबा मांडीशी धरून न्यायचे. आई चमच्यानं कपातला गाळ काढून खायची आणि म्हणायची, "लई छान झालंय." टिचकी नाही. शेजारी अक्का भाकऱ्या थापत असायची आणि आई माझ्याशी गोड बोलता बोलता मान वळवून तिला म्हणायची, "अगं थोरले, जाळ कमी कर की, करपली ती." मला वाटायचं, माझ्याकडं बघताना हिचा आवाजच बदलतो. कचेरीतल्या साहेबांशी बोलावं तसा.

शेवटी मी मशीनच गावी न्यायचं ठरवलं. आईच्या डोळ्यांसमोर करायचं, मग बघू गप्प कशी बसते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भाताची झोडणी झालेली, अंगणात पेंढा रचलेला. प्लगला वायर पुरेना म्हणून मशीन टीव्हीखाली पाटावर ठेवलं. अक्का भाकऱ्या आटपून बसली होती. आई भिंतीला टेकून. मी थर्मामीटर काढला तेव्हा अक्का म्हणाली, "ताप कुनाला आलाय?"

"पाणी मोजायचंय."

"बोट घालून बघायचं की."

"बोटाला अंश कळत नाहीत, अक्का."

"न्हाई कळत," ती म्हणाली. "आमी सातवीचं."

मी मशीन चालू केलं. ते पाटावर थरथरत सरकायला लागलं. "धर, धर," मी म्हटलं, तशी अक्कानं दोन्ही हातांनी ते डोक्यावरून दाबलं, बोकड धरावा तसं. "गिरनीवानी वराडतंय," ती ओरडून म्हणाली. आई टक लावून बघत होती. गोळा झाला. मी थांबले नाही. चौथं मिनिट चालू असेल, तेवढ्यात लाईट गेली.

मशीन गप्प झालं. अक्कानं हात काढले. "मेलं का?"

"लाईट गेली."

"कवा येतीया आता," ती म्हणाली. "काल गेली ती दिवस मावळताना आली."

मी झाकण उघडलं आणि चमच्यानं पीठ खरवडायला लागले. ते पात्याला चिकटलं होतं. मला ते हातानं सोडवता येईना. म्हणजे येईना असं नाही, इतक्या दिवसांत त्या पिठाला मी हात लावलाच नव्हता. मशीनमधून साच्यात, साच्यातून ओव्हनमध्ये. चिकट हात मला आवडत नाहीत.

आई भिंतीपासून पुढं सरकली. मग म्हणाली, "आन हिकडं."

मी भांडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं दुखऱ्या मनगटाचा तो हात आत घातला, गोळा पात्यापासून अलगद सोडवला, आणि तळव्यावर घेऊन थांबली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अगं हे तापलंय."

"पाणी चाळीस अंश होतं," मी म्हटलं. "मोजून घेतलंय. तुझ्यासमोर."

"पान्याचं कोन सांगतंय? पिठाचं सांगतीया. पोरगं तापानं फनफनल्यावानी लागतंय. हात लाव."

मी हात लावला. मग थर्मामीटर खुपसला. बेचाळीस. पाणी चाळीसचं, मैदा थंडीत रात्रभर पडलेला. दोन्ही मिळून तीसच्या आसपास यायला हवं होतं. वरची सगळी उष्णता त्या पात्यानं घासून घासून घातली होती. दर रविवारी मी यीस्टला भट्टीत बसवत होते, म्हणून ते भराभर फुगून दमत होतं. दोन वस्तू मिसळल्यावर तापमान काय होईल हे गणित मी शाळेतल्या पोरांनासुद्धा समजावू शकते. पण मी पाणी मोजलं होतं. पीठ कधीच मोजलं नव्हतं, आणि हात तर लावलाच नव्हता.

"कुनी सांगितलं तुला एवढं फिरवायला?" आईचा आवाज चढला होता. "मशीन हाय म्हनून त्याचा जीव जाईपतुर फिरवायचं? गोळा झाल्याला दिसला न्हाई तुला? डोळं हायती का बटनं? म्हनूनच ते गेल्या येळचं पाव भुसा झालं हुतं. त्याच्या आदीचं पन. वासबी मारत हुतं."

अक्का माझ्याकडं बघायला लागली. मी काय करीन ह्याची तिला काळजी वाटली असावी.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" मी विचारलं.

आईनं पीठ काठवटीत ठेवलं. आवाज खाली आला. "तू एवढ्या लांबनं घेऊन यायचीस. कसं बोलायचं?"

"आनि मी शंबर पावलावं, म्हनून मला रोज," अक्का म्हणाली. हसत म्हणाली, पण नीट हसली नाही. "हिच्या वहीत बाई लाल पेनानं चुका काढायच्या. ही रडायची. मला वाटायचं, माज्याबी वहीत कुनीतरी काढाव्या. पन वहीच न्हवती."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात आई म्हणाली, "बस हितं," आणि तिनं चुलीशेजारची जागा हातानं झाडून दाखवली. अक्काची जागा.

मी बसले. आईनं पीठ पसरून गार होऊ दिलं, मग काठवट माझ्याकडं सरकवली. "मनगटानं न्हाई. तळव्यानं. ढकल. आता मोड. ढकल की, घाबरतीस काय त्याला, चावतंय व्हय?" माझ्या हातावर तिनं एक चापट मारली. चांगली लागली. एवढी शिकलेली बाई मी, सगळी बोटं पिठानं चिकटलेली, आणि गप्प ऐकून घेत होते.

अक्का उभी राहिली. "जळान आनते," म्हणाली आणि बाहेर गेली. जळण चुलीशेजारी ढीगभर पडलेलं होतं. जाताना तिनं दारातून एकदा मागं बघितलं. ते तोंड मला ओळखीचं वाटलं. दर रविवारी चप्पल काढताना माझं तसंच होत असणार. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला बरं वाटलं. दया नंतर, गाडीवर घरी येताना आली, आणि तीही थोडीच.

ओल्या फडक्याखाली पीठ ठेवून आम्ही जेवलो. दुपारी ते हळूहळू फुगलं. मशीन आणताना ओव्हनचा विचार मी केलाच नव्हता, लाईट आली असती तरी तो तिथं नव्हता. आई म्हणाली, तव्यावर झाकण घालून भाजू. अक्कानं एक गोळा घेतला आणि हातावर सहज फिरवून जाडसर थापला, गोल, कडेला मधल्याएवढाच जाड. दुसरा मी थापला. माझा कुठल्याशा देशाच्या नकाशासारखा झाला. दोन्ही आळीपाळीनं भाजले. आईनं ताट पुढं ओढलं.

आधी अक्काचा. दोन टिचक्या. तुकडा मोडला, आत बघितलं, चहात बुडवून खाल्ला. काही बोलली नाही. सगळा संपवला. आयुष्यात पहिल्यांदा पावाचं पीठ हातात घेतलेली अक्का, आणि आई एक शब्द बोलली नाही.

मग माझा. आईनं मधलं बोट उचललं. दोन टिचक्या पडल्या. एक मधे, एक कडेला. कडेचा आवाज मलाही ऐकू आला, मऊ, ओला.

"कडंला कच्चा हाय," ती म्हणाली. "एवढं थापायला येईना व्हय तुला? परत टाक."

तिनं ताट माझ्याकडं ढकललं. मी पाव उचलून तव्यावर परत टाकला. अक्कानं न बोलता जाळ थोडा पुढं ओढला.

आता मी थंड पाणी वापरते आणि गोळा झाला की मशीन बंद करते. दर खेपेला हात लावून बघते. आई दर रविवारी काही ना काही काढतेच, मीठ, कड, वास. बोलणी खाऊन मी भोरला परत येते तेव्हा डबा हलका लागतो. पण अक्काचा तो पहिला पाव तिनं गप्प बसून संपवला होता, ते आठवलं की अजूनही माझ्या पोटात दुखतं.